बयाबाईंच्या अठरा लाल फुल्या

विंझरच्या नाक्यावर त्या पावसाळ्यात चहाबरोबर एकच विषय चघळला जायचा. हनुमंत शिळीमकरानं बयाबाई ढेबेला मोबाईलमधून पाडलं.

पाडलं म्हणजे कसं, असं कुणी विचारलंच, तर सांगणारा आधी इकडंतिकडं बघायचा आणि मग आवाज बारीक करायचा. भोरच्या ऑफिसात बसून म्हणे हनुमंतानं एक कळ दाबून धरली होती. डोंगरावर पाच बायका एकाच खडकावर बसलेल्या, पाची जणींनी एकच उत्तर दिलं, चौघींच्या मोबाईलवर हिरवी खूण उमटली आणि म्हातारीच्या मोबाईलवर लाल फुली. एकदा नव्हे, अठरा वेळा! आणि निवड कुणाची झाली? वैष्णवीची. वैष्णवी कोण? हनुमंताच्या बायकोची मावसबहीण. एवढं कळल्यावर पुढं सांगायला उरतंय काय? आपल्याकडं म्हशीनं दूध चोरलं तरी लोक आधी तिचे सोयरेधायरे शोधतात, इथं तर माणसं होती.

हनुमंत मात्र कुणाचं वाईट चिंतणारा गडी नव्हे. वाईट चिंतायलाही थोडी सवड लागते, ती त्याला कधी मिळाली नाही. कॉलेज अर्ध्यात सोडून त्यानं भोरला एसटी स्टँडाजवळ मोबाईल दुरुस्तीची टपरी टाकली. टपरी चालली नाही, पण आवाज चालला. टेनिस बॉलची स्पर्धा असो की गणपतीतली प्रश्नमंजूषा, माईक हनुमंताच्या हातात. "आणि हा चेंडू गेलाय थेट सखूबाईंच्या मक्यात! सखूबाई, चेंडू द्या, कणसं ठेवा!" असं तो म्हणाला की पाच गावं हसायची. प्रश्नमंजूषेत तर तो प्रश्न इतक्या झोकात विचारायचा की उत्तर देणारा ऐकतच राहायचा आणि उत्तर विसरायचा.

त्याची बायको मंगल म्हणायची, "ह्यांना उत्तराचं काय पडल्यालंच न्हाई. ह्यांना प्रश्न इचारताना सोताचा आवाज ऐकायचा आस्तो."

नवऱ्याला इतकं नेमकं ओळखणारी बायको लाभावी, हे काही प्रत्येकाच्या नशिबात नसतं. आणि ज्याच्या नशिबात असतं तो तिचं ऐकत नाही.

चाळिशीला टेकल्यावर हनुमंत भोरमधल्या एका संस्थेत चिकटला. संस्था डोंगरातल्या बायकांना पशुसखी करायची. पशुसखी म्हणजे शेळ्यामेंढ्यांचं पहिलं औषधपाणी जाणणारी गावातलीच बाई. तिला एक निळी पेटी मिळायची, तीत थर्मामीटर, जंताचं औषध आणि लस थंड ठेवायचा डबा. लस त्या पेटीतूनच यायची, म्हणून पेटी ज्या वस्तीत, लस त्या वस्तीत. हनुमंत तिथं संगणक चालक. म्हणजे हजेऱ्या भरायच्या, प्रिंटरला चापट्या मारायच्या आणि मॅडमांना "झालंच" म्हणायचं.

पावसात रस्ते खचतात, बायका खाली येऊ शकत नाहीत, म्हणून संस्थेनं प्रशिक्षण मोबाईलवर आणलं. डॉक्टरांचं पाऊण तासाचं भाषण असायचं. बायका मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून ठेवायच्या आणि आपापल्या कामाला लागायच्या. एकदा डॉक्टरांनी विचारलं, "समजलं का?" तर पलीकडून कोंबडी ओरडली. तेवढंच काय ते उत्तर.

संस्थेच्या शेफाली मॅडम पुण्याच्या. त्यांनी हनुमंताला बोलावलं. "हनुमंतराव, असं काहीतरी करा की बाई मोबाईलसमोरून हलणार नाही."

तेवढं पुरलं. हनुमंत महिनाभर संगणकाला चिकटून बसला. व्हिडिओ बघून बघून शिकला, डोळे लाल करून घेतले आणि टीव्हीवरच्या प्रश्नोत्तरांच्या कार्यक्रमासारखा एक खेळ उभा केला. नाव ठेवलं 'हजरजबाबी'. काळा पडदा, त्यावर गरागरा फिरणारे दिवे, धडधडणारा नगारा आणि वर खुद्द हनुमंताचा आवाज, "भगिनींनो, सावध! वेळ सुरू होतेय... आत्ता!" वीस प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय आणि दहा सेकंद. प्रश्न सगळ्या मोबाईलवर एकदमच यायचा. उत्तर बरोबर आलं की हिरवी खूण आणि हलगी. चुकलं की लाल फुली आणि ट्रकचा भोंगा. दहा सेकंद उलटल्यावर बोट टेकवलं तरी तीच फुली आणि तोच भोंगा. उशिरासाठी 'वेळ संपली' अशी वेगळी पाटी करायची, असं त्यानं कागदावर टिपून ठेवलं होतं. ते राहून गेलं. नगाऱ्याचा ठोका नीट बसवण्यात दोन दिवस गेले, त्याला तो तरी काय करणार!

'शेजारणीला विचारा' अशी एक सवलतही त्यानं घातली होती. मॅडम म्हणाल्या, परीक्षा आहे, भिशी नव्हे. ती काढली.

पहिली चाचणी मंगलवर झाली. तिनं पिठाचे हात पुसून मोबाईल घेतला, प्रश्न वाचून अकराव्या सेकंदाला बोट टेकवलं आणि भोंगा वाजला.

"आवो, धा सेकंदांत भाकरी सुदिक उलटत न्हाई! जरा दम द्या की बाईमाणसाला."

"अगं, वेळ वाढवला की मजा जाते. घाम फुटला पाहिजे."

"घाम डोंगर चढून आदीच फुटल्याला आस्तोय," मंगल म्हणाली आणि परत परातीकडं वळली.

खेळ झाला, पण प्रश्न कुठायत? डॉक्टरांनी दिलेले प्रश्न पुस्तकी होते. मॅडम म्हणाल्या, एखाद्या जाणत्या बाईला विचारून आणा. त्या भागात जाणती बाई एकच. गुंजवण्याच्या वरच्या अंगाला दीड तासाची चढण चढली की धनगरांची वस्ती लागते, तिथली बयाबाई ढेबे. साठी उलटलेली, उन्हानं काळवंडलेली, अक्षराला अक्षर जोडत वाचणारी. शेळी आडली की लोक डॉक्टरच्या आधी तिच्या दारात.

हनुमंत वही घेऊन दोन दिवस तिच्या ओट्यावर बसला. आणि पहिल्याच प्रश्नाला त्याची गाडी रुतली.

"मावशी, शेळीचं पोट फुगलं तर काय करायचं?"

"कंच्या कुशीला फुगलंया?"

"आता... फुगलंय, धरून चाला."

"आरं, धरून काय चाला? डावीला फुगलं आसंल तर येगळं. गाभण हाय का? सकाळी काय खाल्लं? ओला पाला खाल्ला का कुनाच्या घरचं दाणं?"

"मावशी, शेळी खरी नाही. नुसता प्रश्न आहे."

"मग उत्तर तरी खरं कशापायी देऊ?" म्हातारी खो खो हसली. "शेळी काय भिताडावर टांगल्याली आस्ती व्हय रं, हनमंता?"

बयाबाईंची रीतच ती. जनावराबद्दल विचारलं की त्या आधी चार उलटे प्रश्न विचारणार, मगच तोंडातून उत्तर काढणार. पण एकदा काढलं की ते दगडावरची रेघ. डावी कूस फुगली तर गोडं तेल पाज आणि पुढचे पाय उंचावर ठेव. करडाला पहिल्या तासात चीक मिळालाच पाहिजे. पापणी उलटून बघ, आत तांबडं असेल तर बरं, पांढरं असेल तर जंत. विषार, म्हणजे पावसाळ्यात शेळ्यांना मारणारा पोटाचा रोग, त्याची लस आभाळ भरायच्या आधी. हनुमंत लिहीत गेला. वीसपैकी अठरा प्रश्न तिच्या तोंडचे. उरलेले दोन त्यानं स्वतः घातले, सगळ्यांना यावेत म्हणून, शेळीला सड किती आणि पाय किती.

निघताना बयाबाई म्हणाली, "ह्या येळी म्या बी बसनार तुज्या परीक्षेला."

"बसा की! तुमच्याशिवाय कोण?"

"हसू नगंस. मागल्या पावसात आमच्या वस्तीवरची अकरा शेरडं विषारानं गेली. लस खाली आल्ती, वर कुनी आनलीच न्हाई. पेटी हितं वर पायजे. खाली आसली की खालीच ऱ्हाती."

त्या अंगाच्या पाच वस्त्या मिळून पेटी एकच होती. परीक्षेत जी पहिली येईल तिची.

परीक्षेचा दिवस उजाडला. सकाळी अकराची वेळ. रेंज फक्त वस्तीच्या वरच्या खडकावर, म्हणून पाची वस्त्यांतल्या पाच जणी तिथं गोळा झाल्या. त्यात खालून धापा टाकत आलेली वैष्णवीही होती. लग्नाला दोन वर्षं झालेली, घरी शेळ्या दोन, त्याही नणंदेच्या. वारा असा की पदर आवरावा की मोबाईल, हा प्रश्न. अकरा वाजले आणि पाच मोबाईलमधून पाच नगारे एकदम सुरू झाले. कुणाचा कुठला, कळेना.

शेळीला सड किती, याला सगळ्यांनी हसत बोट लावलं. पाय किती, यालाही. मग खरे प्रश्न सुरू झाले.

"मावशे, ह्ये पापनीचं काय आलं वो?" वैष्णवी घाबरून म्हणाली.

"दुसरं दाब, पोरी. पांढरी म्हंजी जंत."

"आन मी?" दुसरी.

"तू बी दुसरंच. थांब, दाव बघू, हां, ह्येच. तुझं झालं का गं? दाबलंस?"

चार घरांत वाढून झाल्यावर आपलं ताट घ्यायचं, ही सवय साठ वर्षांची. ती पाच मोबाईलांसाठी कोण मोडणार? चौघींचं दाबून झालं की बयाबाई आपला मोबाईल उन्हाआड धरायची, अक्षरं जुळवायची, आणि बोट टेकवायची. भोंगा! लाल फुली. नगारा तिच्या मोबाईलवर केव्हाच थांबलेला असायचा, पण शेजारच्या चार हलग्यांच्या गलक्यात ते कळत नसे.

"अगं बया! दुसरंच दाबलंत न्हवं?" वैष्णवीनं विचारलं.

"दुसरंच दाबलं की."

"मग?"

"बोट घसरलं आसंल," बयाबाई म्हणाली. तिसऱ्या-चौथ्या फुलीनंतर ती बोट पदराला पुसून टेकवू लागली. पण चौघींना सांगायचं मात्र तिनं शेवटच्या प्रश्नापर्यंत सोडलं नाही.

वैष्णवीला वीसपैकी वीस. बाकी तिघींना एकोणीस, अठरा, अठरा. बयाबाईंना दोन.

भोरला हनुमंताच्या संगणकावर यादी उमटली, तेव्हा तो चहाचा कप हातात घेऊन उभाच राहिला. कुणी कुठला पर्याय दाबला, किती सेकंदांनी दाबला, याचा तक्ता खेळ आपोआप ठेवायचा. हनुमंतानंच तो बसवला होता. त्यानं तक्ता उघडला. वाचत होता तेवढ्यात मॅडमांचा फोन.

"हनुमंतराव, कमाल केलीत! सगळ्या डोंगरात मिळून एकशेवीस बायका, एकही जागची हलली नाही! पुण्याला कळवलंय मी. येत्या सोमवारी तिथल्या सभेत खेळ दाखवायचा, आणि दाखवणार तुम्ही. स्टेजवर! कुठं काही गडबड नाही ना?"

"नाही मॅडम," हनुमंत म्हणाला.

फोन ठेवला आणि तक्ता बंद केला.

सोमवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून पुण्याला गेला. माईक हातात घेतला. "भगिनींनो, सावध!" म्हणाला आणि एसी हॉलमधली साहेब मंडळी खुर्च्यांत सावरून बसली. टाळ्या झाल्या. शाल मिळाली. मंगलनं ती शाल घडी उलगडून बघितली आणि विचारलं, "आन ढेब्यांची म्हातारी? तिचं काय झालं म्हनं?"

"नापास झाली."

"बयाबाई? शेरडांच्या परीक्षेत?" मंगलनं शाल परत घडी करून ठेवली.

पेटी वैष्णवीच्या घरी आली. वैष्णवी वाईट नव्हे. तिनं हनुमंताला फोन करून सांगितलं, "दाजी, मला लाज वाटतीया. सगळी उत्तरं मावशीनंच सांगितली. पेटी त्यांनाच द्या की."

"नियमात बसत नाही," दाजी म्हणाले.

मग आभाळ भरलं. वैष्णवीला दिवस गेले होते, सासूनं चढण चढायला मनाई केली. लस खाली डब्यात गार राहिली आणि वर वस्तीवर विषार पसरला. नऊ शेरडं गेली. नाक्यावरच्या कुजबुजीला त्याच सुमाराला जोर चढला. गेनबा टपरीवाला तर हनुमंताला चहा देताना विचारायचा, "काय साहेब, हिरवी खूण देऊ का लाल फुली?" लोक हसायचे. हनुमंतही हसायचा.

शेवटी एका सकाळी तो डोंगर चढला. बयाबाई ओट्यावर बसली होती. तिनं चहा केला, शेळीच्या दुधाचा, गूळ घालून. नऊ शेरडांबद्दल एक शब्द बोलली नाही. म्हणाली,

"हनमंता, एक सांग. माझं बोट कुठं पडत होतं रं? तोंडानं दुसरं म्हनायची आन बोट भलतीकडंच. चौघींचं बरोबर आन माझंच तेवढं चुकीचं. डोळं गेलं बग माझं. नायतर हात."

"मावशी, मोबाईलचा काय भरवसा असतो..."

"मोबाईलला कशाला नाव ठेवतूस? चौघींचं चाललं की."

तेवढ्यात खालच्या घरचा बिरू पळत आला. "मावशे, चल बिगीबिगी! शेळी आडलीया. करडू आडवं हाय."

एरवी बयाबाई हे ऐकून चुलीवरचं सोडून धावायची. ती जागची हलली नाही. "वैष्णवीला फोन लाव," ती म्हणाली.

"ती खाली! तिला चढायला बंदी हाय, आन तवर शेळी ऱ्हाती व्हय? तू चल. तुझ्या हाताचं काम हाय."

"माझ्या हातावर आता इश्वास न्हाई, बिरू. आत हात घालायचा आन चुकीचं वडायचं. करडू फाटंल. शेळी मरंल. नगं."

बिरूनं हनुमंताकडं बघितलं. हनुमंताच्या तोंडातून कसंबसं निघालं, "मावशी, जावा की. तुम्हाला येतंय."

बयाबाई हसली. मनात काही ठेवून नव्हे, साधं, चेष्टेनं. "आन तूच तर मला इसातलं दोन दिलंस की रं!"

बोलायचं होतं ते बोलायची हीच वेळ होती. एक वाक्य पुरलं असतं. पण ते वाक्य म्हटलं तर सोमवारची सभा, शाल, साहेबांच्या टाळ्या, मॅडमांचं "कुठं गडबड नाही ना", सगळ्याचा हिशोब मागायला कुणीतरी उठलंच असतं. ज्याचा आवाज पाच गावांत घुमायचा, त्यानं त्या ओट्यावर चहाचा कप पुन्हा तोंडाला लावला. बिरू परत पळाला. शेळी दुपारपर्यंत ओरडत होती. मग थांबली. करडू आतच राहिलं.

हनुमंत उतरला, तो पुन्हा कधी तिकडं गेला नाही. घरी आल्यावर मंगलनं विचारलं, "काय म्हनाली म्हातारी?" त्यानं सांगितलं, चहा दिला.

दिवाळीनंतर बयाबाईंनी उरलेली शेरडं पुतण्याला दिली आणि त्या लेकीकडं विंझरला राहायला आल्या. तिथं त्या नातवंडं सांभाळतात, लसूण सोलतात. कुणी शेळीबद्दल विचारायला आलं, तर म्हणतात, मला आता दिसत नाही. डोळ्यांच्या शिबिरात तपासून आल्या. डॉक्टर म्हणाले, नजर चांगली आहे, आजी. त्यांचा विश्वास बसला नाही.

'हजरजबाबी' आता तीन तालुक्यांत चालतो. वेळ दहाची तीस सेकंद झाली आहे, आणि उशीर झाला की पडद्यावर 'वेळ संपली' अशी पिवळी पाटी येते. ही सुधारणा हनुमंतानं कुणी न सांगता केली. का केली, ते कुणी विचारलं नाही.

नाक्यावर अजून म्हणतात की त्यानं मेव्हणीसाठी कळ दाबली. खरी गोष्ट अशी आहे. हनुमंतानं वैष्णवीसाठी काही केलं नाही आणि कुठली कळही दाबली नाही. बयाबाईंची अठराच्या अठरा उत्तरं बरोबर होती. ती दहा सेकंदांनंतर आली होती. तक्त्यात तसं लिहिलेलं होतं. हनुमंतानं ते त्याच दिवशी वाचलं आणि आजपर्यंत कुणाला सांगितलं नाही.